राखीव घटमाला, तबकडी-नियंत्रकातील
राखीव घटमाला, तबकडी-नियंत्रकातील : संगणकाच्या तबकडी-संचावर लिहावयाची माहिती नियंत्रकाच्या कॅश स्मृतीत असताना वीज खंडित झाल्यास ती टिकवून धरणारी विद्युत् घटमाला. ही बहुधा लिथियम-आयन प्रकारची असून स्मृतीला काही तास ते सुमारे ३ दिवस पुरवठा करते. घटमाला जीर्ण वा अपुरी भारित असल्यास संगणक सुरू होताना दोषसूचना मिळते व नियंत्रक सामान्यतः माहिती थेट तबकडीवर लिहितो. लेखन मंदावते, पण सुरक्षित राहते. यंत्र दीर्घकाळ बंद असल्यास प्रथम घटमाला पूर्ण भारित होऊ देतात. सूचना कायम राहिल्यास जोडणी तपासून ती बदलतात. स्मृतीत अलिखित माहिती शिल्लक असल्यास मात्र ती तबकड्यांवर उतरेपर्यंत घटमाला काढणे धोक्याचे असते. अनेक नव्या नियंत्रकांत घटमालेऐवजी महाधारित्र व फ्लॅश स्मृती वापरतात.