चौकटीचा कोपरा जुळला पाहिजे

यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही बौद्ध कुटुंबात जा. समोरच्या भिंतीवर तथागत भगवान बुद्धांचा आणि परमपूज्य बाबासाहेबांचा फोटो दिसतोच. त्या फोटोला आपण रोज वंदन करतो. पण चौकटीच्या कोपऱ्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. वाचक बंधू-भगिनींनी आज तो कोपरा जरा जवळून पाहावा. दोन पट्ट्या जिथे भेटतात तिथे फट आहे काय? फटीत फेव्हिकॉल आणि भुशाचा लगदा भरून वरून पॉलिश मारले आहे काय? लाकडाची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते काय? प्रश्न किरकोळ वाटतील. पण दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, पांढरकवडा अशा गावांत फ्रेम आणि फर्निचरचे दुकान थाटून बसलेल्या आपल्या तरुणांची रोजीरोटी याच कोपऱ्यावर अवलंबून आहे.

हा धंदा आपल्याकडे उशिरा आला. गावगाड्यात करवत, रंधा आणि पटाशी वाढयाच्या घरी. आपल्या वाट्याला गावची पडेल ती कामे. हुन्नर जन्माने वाटला गेला. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी 1936 साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले, ते याचसाठी. पुढे 1945 साली काँग्रेस आणि गांधीजींच्या धोरणावर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली. दोष यंत्राचा नसून ते ज्या समाजरचनेत वापरले जाते तिचा आहे, यंत्रामुळे माणसाला उसंत मिळते, अशी त्यांची भूमिका होती. आज आय.टी.आय.मध्ये सुतारकाम शिकलेला आपला मुलगा विजेवर चालणारी करवत घेऊन दुकान टाकतो, तेव्हा तो ही भूमिका प्रत्यक्षात आणतो. मात्र यंत्र घेतले म्हणजे हुन्नर आला असे नाही. यंत्राची नाडीही ओळखावी लागते.

मशीन विकायला निघालेला तरुण

आपल्याच जिल्ह्यातील एका तरुणाची गोष्ट. कर्ज काढून त्याने मायटर सॉ घेतला. मायटर सॉ म्हणजे पट्टी हव्या त्या कोनात तिरपी कापणारी करवत. भीमजयंतीसाठी एका विहाराच्या मोठ्या फ्रेमांचे काम त्याला मिळाले. लाकूड चांगले सागवान होते. पण चारही कोपऱ्यांवर चिपा उडाल्या आणि सांधे उघडे राहिले. काम पाहून एक ज्येष्ठ गृहस्थ बोलून गेले, "हे आपल्या लोकांचं काम नव्हे, वाढयाकडेच द्यायला पाहिजे होतं." आपल्याच माणसाच्या तोंडचे हे वाक्य त्या मुलाच्या जिव्हारी लागले. त्याने मशीन विकायला काढली.

सुदैवाने सुतारकामाचे एक निवृत्त शिक्षक त्याच्या दुकानात आले. मुलगा म्हणाला, "सर, मशीनच खराब निघाली." सरांनी खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "मशीनले काहून नावं ठेवतं, बापू? अगोदर पातं पाय." मशीनसोबत आलेले पाते 24 दात्यांचे होते. बांधकामाच्या फळ्या भराभर कापायला ते ठीक. फोटोच्या चौकटीला नाही. 80 दात्यांचे पाते बसवून त्याच लाकडाचा काप घेतला, तर कड रंध्याने साफ केल्यासारखी निघाली. मशीन विकण्याचा विषय तिथेच संपला.

दात्यांचे गणित

असे का झाले, हे हिशोबाने समजून घेऊ. मशीन मिनिटाला 5,000 फेरे घेते असे धरा. 24 दात्यांचे पाते मिनिटात 1,20,000 वेळा लाकडाला लागते; 80 दात्यांचे 4,00,000 वेळा. हात त्याच वेगाने खाली आणला, तर दुसऱ्या पात्याच्या प्रत्येक दात्याच्या वाट्याला पहिल्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी लाकूड येते. मोठा घास घेणारा दाता लाकडाचे तंतू ओरबाडतो, लहान घास घेणारा ते कापतो. चिपा उडण्याचे मूळ कारण हेच.

म्हणून 10 इंची मशीनसाठी साधारण असा ठोकताळा धरावा. जाड आणि ओबडधोबड कामाला 24 ते 40 दाते, नेहमीच्या कामाला 60, फ्रेम, दाराची पट्टी आणि प्लायवूडला 80 ते 100. मात्र जास्त दाते म्हणजे सगळीकडेच चांगले असे नाही. जाड ओल्या लाकडात बारीक दात्यांमध्ये भुसा अडकतो, पाते तापते आणि लाकूड काळे पडते. ज्याच्याकडे दोन्ही प्रकारची कामे आहेत त्याने दोन पाती ठेवावीत.

आपल्या भागातील सागवानाची आणखी एक खोड आहे. त्यात वाळूतच सापडणाऱ्या सिलिकाचा अंश असतो. त्यामुळे साध्या पोलादाची धार लवकर जाते. यासाठी टंगस्टन कार्बाइडच्या टोकांचे पाते घ्यावे. दुकानात 'टीसीटी ब्लेड' म्हटले की मिळते. लाकडासाठी दाते एकाआड एक डावी-उजवीकडे तिरपे घासलेले असावेत. अ‍ॅल्युमिनियम आणि सनमायकासाठी सपाट टोकाच्या दात्यांचे वेगळे पाते येते. एकाच पात्यावर दोन्ही कामे करू नयेत.

घेताना काय पाहावे

दुकानात जाताना मशीनची पुस्तिका सोबत न्यावी. पात्याचा व्यास मशीनशी जुळला पाहिजे. मधल्या भोकाचे माप पाहावे. ते 25.4 मिलिमीटर किंवा 30 मिलिमीटर असू शकते, आणि सैल भोकाचे पाते थरथरते. पात्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवी. ती कमी असेल तर ते पाते फुकट मिळाले तरी घेऊ नये. दात्यांचा पुढचा झुकाव फार असेल तर पाते लाकूड स्वतःकडे ओढते आणि पट्टी हातातून निसटते. म्हणून मायटर सॉसाठी शून्याच्या आसपासचा किंवा थोडा उलटा झुकाव बरा.

बदलताना आणि कापताना

आधी प्लग काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. मधला बोल्ट बहुतेक मशीनवर उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सैल होतो. पुस्तिकेत पाहून खात्री करावी, नाहीतर जोर लावून आटेच जातात. पात्यावरचा बाण आणि मशीनवरचा बाण एकाच दिशेला असावा. चकत्यांवरचा भुसा पुसून मगच पाते बसवावे. नंतर गुण्या लावून पाते टेबलाशी आणि मागच्या आधाराशी काटकोनात आहे ना, हे तपासावे.

हे तपासणे का महत्त्वाचे? एका चौकटीत आठ काप असतात, प्रत्येक 45 अंशांचा. कोन फक्त अर्ध्या अंशाने चुकला, तर आठ कापांची चूक मिळून चार अंश होते आणि शेवटचा कोपरा उघडाच राहतो. असा कोपरा कितीही चांगल्या पात्याने मिटत नाही. म्हणून आधी टाकाऊ लाकडाच्या चार तुकड्यांची लहान चौकट जुळवून पाहावी, मगच सागवानाला हात घालावा.

कापताना पाते पूर्ण वेगात आल्यावरच हळू खाली आणावे. काप झाला की बटण सोडून पाते थांबेपर्यंत वर उचलू नये. पट्टीमागे टाकाऊ एमडीएफचा तुकडा लावला तर मागच्या बाजूच्या चिपाही थांबतात. पात्यावर डिंक साचला की साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने साफ करून ते कोरडे करावे. पुष्कळदा धार गेली असे वाटते ते याच डिंकामुळे.

एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते. 10 इंची पाते 5,000 फेऱ्यांनी फिरते तेव्हा त्याच्या दात्यांचा वेग ताशी सुमारे 240 किलोमीटर होतो. हातमोजे, लोंबती बाही, गळ्यातला पंचा, ओढणी यांपैकी काहीही जवळ नको. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क हवा. वरचे झाकण काढून काम करणे म्हणजे बोटांचा जुगार. घरचा कमावता हात गेला तर भरपाई कोण देणार?

खर्च की गुंतवणूक?

"पात्याला एवढे पैसे?" असे घरात विचारले जाते. समजा, पाते 2,000 रुपयांना आले आणि धार लावण्याची वेळ येईपर्यंत त्याने 4,000 काप दिले. म्हणजे एका कापाला 50 पैसे आणि एका चौकटीला 4 रुपये. एक सागवानी पट्टी वाया गेली तर नुकसान याहून कितीतरी जास्त. शिवाय कार्बाइडच्या पात्याला पुन्हा धार लावता येते. प्रत्येक कारागिराने आपल्या दराने असा हिशोब वहीत मांडावा.

भांडवलाचा प्रश्न खरा आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी 1978 साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजना आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. तीत अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजाने कर्जाची तरतूद आहे. सुतारकाम म्हणजे वाढयांचीच गोष्ट असे समजून आपल्या मुलांनी घरी बसू नये. अर्ज करावा, अटी वाचाव्यात आणि पावती जपून ठेवावी.

समाजबांधवांनाही एक विनंती. आपल्या तरुणाचे काम दोन आणे कमी उतरले, तर "आपल्याला जमत नाही" असा शिक्का मारू नका. चूक कुठे झाली ते विचारा, जाणकार माणसाला दुकानात घेऊन जा. आणि काम चोख झाले, तर पैसे वेळेवर द्या. समाजाचा म्हणून उधारीवर ठेवू नका. आय.टी.आय.च्या सुतारकामाच्या वर्गात आपल्या मुलीही जाऊ शकतात, हेही घरोघरी सांगावे. विजयादशमीला आपण दीक्षाभूमीवर जातो, तेव्हा तिथल्या दुकानांत तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फ्रेमा हौसेने घेतो. त्यांतील चार फ्रेमा आपल्या जिल्ह्यातल्या मुला-मुलींच्या हातच्या असाव्यात, आणि त्यांचा कोपरा बोट फिरवले तरी लागू नये, एवढा चोख असावा.

जयभीम!