रणांगण मुखपृष्ठाबाहेर

इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात दुसऱ्या महायुद्धावरच्या कादंबऱ्यांचं कपाट लांबूनही ओळखू येतं. लांब कोट घातलेली पाठमोरी स्त्री, हातात सूटकेस, समोर धुक्यातलं शहर आणि वर विमानांची रांग. लेखक बदलतो, शहर बदलतं, पाठ तीच! यामागे हिशेब आहे. चेहरा दाखवला की नायिका ठरून जाते, पाठमोरीला वाचक आपल्या मनातला चेहरा देतो. शिवाय तयार छायाचित्र विकत घेणं स्वस्त पडतं.

पॉल बेकन या अमेरिकी चित्रकाराने १९६१ मध्ये वेगळी वाट धरली. तो स्वतः महायुद्धात मरीन दलात होता, म्हणजे युद्ध कसं दिसतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तरीही जोसेफ हेलरच्या ‘कॅच-२२’वर त्याने ना विमान काढलं, ना बाँब. निळ्या पृष्ठावर कागद फाडून केल्यासारखी एक लाल मानवाकृती, नाचतेय की पळत सुटलीय ते कळू नये अशी. विमानातून बाँब टाकण्याचं काम करणाऱ्या योसारियनची जीव वाचवण्याची सगळी धडपड त्या लाल तुकड्यात आली. त्याआधी बेकनने केलेली बरीच चित्रं बाद झाली होती. मोठं शीर्षक आणि लहानसं चित्र ही त्याची खास रीत. मोबाइलवर नखाएवढं मुखपृष्ठ पाहून पुस्तक मागवण्याच्या आजच्या काळात ती जास्तच उपयोगी ठरावी.

इअन मॅकिवनच्या ‘अटोनमेंट’मध्ये डंकर्कची माघार आहे, २००१ च्या ब्रिटिश आवृत्तीवर मात्र पायऱ्यांवर बसलेली एक मुलगी दिसते. जॉन बॉयनच्या ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’वर २००६ मध्ये नुसते पट्टे आले. कैद्यांच्या कपड्यांचे पट्टे! मलपृष्ठावरही कथानक सांगायचं टाळलं होतं.

आपल्याकडे घोडा, तलवार आणि भगवा यांच्याशिवाय ऐतिहासिक कादंबरीचं मुखपृष्ठ सहसा हलत नाही. आवेशाचं वावडं असू नये, पण तपशील तरी चोख हवा. पानिपतचंच घ्या. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ने १९८८ मध्ये हा विषय घरोघरी नेला. चित्रकाराची मात्र त्यात कसोटी लागते. इब्राहिमखान गारद्याच्या जड तोफा वेगळ्या आणि अब्दालीच्या उंटांवरची हलकी जंबुरके वेगळी. १४ जानेवारी १७६१ ला रणात उतरलेली मराठी फौज उपाशी होती, आणि मुखपृष्ठावरचे घोडे मात्र गुबगुबीत!

खरं म्हणजे पानिपतचं उत्तम चित्र इतिहासानेच देऊन ठेवलं आहे. पेशव्यांपर्यंत पोचलेल्या सावकारी निरोपात मेलेल्यांची नावं नव्हती. गळालेली दोन मोत्यं, हरवलेल्या मोहरा आणि मोजदाद नसलेला खुर्दा होता. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हे वाचणाऱ्याला लगेच उमगलं. कोऱ्या पृष्ठावर दोन मोत्यं आणि खाली ठसठशीत अक्षरलेखन, एवढं एखाद्या प्रकाशकाने छापून पाहावं. विक्री विभागाला धडकी भरेल, पण कपाटातल्या पन्नास घोड्यांत ते पुस्तक वेगळं उठून दिसेल.

त्यासाठी चित्रकाराला नुसतं शीर्षक आणि ओळीभर सारांश धाडून भागणार नाही. प्रकाशकांनी अख्खं हस्तलिखित त्याच्या हाती द्यावं, ते वाचायला पुरेसा वेळ द्यावा आणि त्या वाचनाचंही मानधन द्यावं.