पावसाळ्यात चिक्की चिकट का होते?

चिक्कीचा पाक झाला की नाही हे बघायला लातूर-नांदेडच्या स्वयंपाकघरात थर्मामीटर लागत नाही. पाकाचा थेंब गार पाण्याच्या वाटीत टाकायचा. मऊ राहिला तर पाक अजून आटवायचा. कडक होऊन टचकन तुटला तर लगेच शेंगदाणे घालायचे. या साध्या चाचणीमागे भौतिकशास्त्रातली एक अवघड गोष्ट आहे: काच-संक्रमण तापमान.

हो, काच! कडक चिक्कीतली साखर एक प्रकारची काचच असते. साखरेच्या दाण्यात रेणू शिस्तीत रांगा लावून बसलेले असतात. पाक आटवून पटकन गार केला की रांगा लावायला त्यांना वेळच मिळत नाही. द्रवात होती तशा गर्दीतच ते अडकून पडतात. क्ष-किरणांनी तपासलं तर द्रव आणि काच यांच्या मांडणीत फारसा फरक दिसत नाही. बदलते ती हालचाल. संक्रमण तापमानाच्या आसपास केवळ दहा अंशांच्या फरकाने घट्टपणा शेकडो पटींनी बदलू शकतो. बर्फ बरोबर 0 अंशाला वितळतो, तसा इथे एक नेमका आकडाही नसतो. सावकाश गार केलं तर रेणूंना सरकून जरा दाटीने बसायला वेळ मिळतो आणि संक्रमण काही अंश खाली होतं.

कोरड्या साखरेच्या काचेसाठी हे तापमान साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअस असतं, खिडकीच्या काचेसाठी साडेपाचशेच्या आसपास. पण चिक्कीचा खरा शत्रू पाणी. पाण्याचे छोटे रेणू साखरेच्या मोठ्या रेणूंमध्ये शिरून त्यांना सरकायला मोकळीक देतात. दोन-तीन टक्के पाण्यानेसुद्धा संक्रमण तापमान वीस-पंचवीस अंशांनी घसरतं, म्हणजे चाळिशीच्या आसपास येतं. नांदेडच्या मे महिन्यातल्या दुपारी हवा तेवढी तापतेच! गुळाची चिक्की तर आणखी नाजूक, कारण गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात. कोरड्या ग्लुकोजच्या काचेचं संक्रमण सुमारे 31 अंशांना होतं, फ्रुक्टोजचं जेमतेम 5 अंशांना. शिवाय फ्रुक्टोज हवेतला ओलावा चटकन ओढून घेतं.

संक्रांतीच्या कोरड्या थंडीत म्हणूनच चिक्की कुरकुरीत राहते. जुलैमध्ये उन्हाळ्यापेक्षा हवा थंड असते, तरी ओलाव्यामुळे संक्रमण तापमान खोलीतल्या तापमानाच्याही खाली जातं आणि चिक्की बोटांना चिकटते. तशीच उघडी राहिली तर मोकळे झालेले रेणू हळूहळू रांगा लावतात, स्फटिक बनतात आणि चिक्की रवाळ होते. मग ती पुन्हा गार करून उपयोग नाही. पाक नव्यानेच करावा लागतो.

फ्रिजमध्ये ठेवलेली चिक्की कडक राहते खरी, पण गार वडी बाहेर काढल्याबरोबर तिच्यावर हवेतलं बाष्प जमतं. डबा घट्ट बंद ठेवूनच बाहेर काढावा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडावा.