डब्यात गेलेले गाणे

२८ सप्टेंबर २०२१. आपल्या इंदूरला जन्मलेल्या लतादीदींचा ९२वा वाढदिवस. त्या दिवशी त्यांचे एक ‘नवे’ गाणे प्रकाशित झाले, ‘ठीक नहीं लगता’. गीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे. ऐकून आम्ही बुचकळ्यात पडलो. या वयात इतका ताजा आवाज?

खुलासा असा की, गाणे ध्वनिमुद्रित झाले होते नव्वदच्या दशकात, एका चित्रपटासाठी. चित्रपट डब्यात गेला, त्याबरोबर गाणेही गेले. पुढे बंद पडलेल्या एका स्टुडिओतून भारद्वाजांना निरोप आला, तुमच्या नावाची एक टेप इथे आहे. टेपवर दीदींचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर होता. बँकेच्या भाषेत, खातेवही एक पण प्रत्येकाचे पान स्वतंत्र. म्हणून आवाज तोच ठेवून भोवतीचे संगीत नव्याने बांधता आले.

पान स्वतंत्र नसेल तर काम अवघड होते. बीटल्सच्या जॉन लेननने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस घरी पियानोवर गाऊन एक कॅसेट भरली होती. आवाज आणि पियानो एकमेकांत मिसळलेले. नव्वदच्या दशकात साथीदारांनी ते गाणे पुरे करायला घेतले आणि सोडून दिले. अखेर संगणकाने आवाज पियानोपासून सोडवला आणि २०२३ मध्ये ‘नाऊ अँड देन’ आले. लेनन तर १९८०मध्येच गेले होते.

यंत्राची करामत खरीच, पण त्याआधी कुणीतरी टेप जपलेली असावी लागते. आमच्या घरी ते झाले नाही. आईने गणेशोत्सवात म्हटलेल्या पदांची एक कॅसेट होती. वर काही लिहिलेले नव्हते. कोरी समजून आम्हीच तिच्यावर सिनेमाची गाणी भरली. टेपरेकॉर्डर नवे भरण्याआधी जुने पुसतो, त्यामुळे आता कोणताही संगणक तो आवाज परत आणू शकत नाही. उभी नोकरी आम्ही व्हाउचरवरच्या सह्या तपासल्या, आणि आईच्या कॅसेटवर नाव घातले नाही.

तेव्हा मंडळी, या रविवारी माळा उघडा. प्रत्येक कॅसेटवर नाव व साल लिहा. मागच्या कडेचे प्लास्टिकचे दोन छोटे दात मोडा, म्हणजे चुकूनही वर काही भरले जाणार नाही. मग घरातल्या मुलांकडून ती संगणकात उतरवून घ्या. आणि उतरवताना शेजारी बसून ऐका.