कार्बन क्रेडिटचा करारनामा आणि आपला सातबारा

बांधावर झाडें लावा, नांगरट कमी करा, पऱ्हाटी जाळूं नका; त्याबद्दल तुम्हांस रोकड पैसा मिळेल, असे प्रस्ताव हल्लीं महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतील शेतकऱ्यांपुढें येऊं लागले आहेत. आपला बुलढाणा जिल्हा त्यांतून सुटेल असें मानण्याचें कारण नाहीं. या व्यवहाराची निंदा अथवा तरफदारी करावी हा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्या कागदानें पुष्कळ वर्षांचें बंधन पडावयाचें, तो कागद काय बोलतो हें सहीपूर्वीं समजून घेणें अवश्य आहे.

एक कार्बन क्रेडिट म्हणजे हवेंतून काढून घेतलेला, किंवा हवेंत जाऊं न दिलेला, एक मेट्रिक टन कार्बन डायऑक्साइड. धूर सोडणारा कारखानदार तें विकत घेऊन आपल्या हिशेबीं जमा दाखवितो. आतां आपल्या काळ्या जमिनीचा हिशेब पाहूं. एक एकराच्या वरच्या एक फूट थरांतील मातीचें वजन सुमारें 1,600 टन भरतें. तींतील सेंद्रिय कर्ब 0.1 टक्क्यानें वाढला, तर वाढ झाली 1.6 टनांची. कर्बाच्या एका टनापासून सुमारें 3.67 टन कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे एकरीं जेमतेम सहा क्रेडिटें. ही वाढ सहा वर्षांत साधली, तर वर्षाकांठीं एकरीं एक क्रेडिट पडलें. त्यांतूनहि मोजणीचा व तपासणीचा खर्च आणि कंपनीचा वाटा वजा जावयाचा. शिवाय पुढें कर्ब पुन्हां हवेंत गेला तर असावीं, म्हणून कांहीं क्रेडिटें राखून ठेवण्याची रीत आहे. तेव्हां या उत्पन्नाच्या भरंवशावर कोणीं कर्ज काढूं नये. कर्ब वाढल्यानें जमीन ओल धरून ठेवते, हा लाभ मात्र निश्चित व सर्वस्वीं आपला आहे.

कायद्याची स्थिति अशी आहे. ऊर्जा संवर्धन कायद्यांत 2022 मध्यें दुरुस्ती होऊन केंद्र सरकारनें जून 2023 मध्यें कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर केली. तिचा मुख्य रोख मोठ्या कारखान्यांवर असून, स्वखुषीनें भाग घेऊं इच्छिणारांसाठीं डिसेंबर 2023 मध्यें वाट मोकळी करण्यांत आली. योजनेचा कारभार ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोकडे, नोंदवही ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडियाकडे आणि बाजारावरील देखरेख केंद्रीय विद्युत नियामक आयोगाकडे आहे. शेतीसंबंधीं कृषि मंत्रालयानें जानेवारी 2024 मध्यें एक चौकट प्रसिद्ध केली. तथापि परदेशी खाजगी संस्थांच्या नियमांखालीं होणारे करार या नोंदवहीबाहेरचे असतात. तेथें शेतकऱ्याचा आधार म्हणजे मुख्यतः 1872 चा करार कायदा आणि स्वतःची सावधगिरी.

तपासणीचे निकष कडक आहेत. जें काम शेतकरी पूर्वींपासूनच करीत आला, त्याबद्दल क्रेडिट मिळत नाहीं. साठविलेला कर्ब टिकला पाहिजे. आणि एकाच शेताची मोजणी दोन ठिकाणीं होतां कामा नये. हे निकष कागदोपत्रीं सिद्ध न झाल्यास काय होतें, तें चीनमध्यें दिसलें. तेथील भातशेतीचे 37 प्रकल्प व्हेरा या अमेरिकन संस्थेनें ऑगस्ट 2024 मध्यें रद्द ठरविले. कागद अपुरे ठेवणारा एक व बुडणारा दुसरा, असें होऊं शकतें.

झाडांविषयीं आणखी एक इशारा. साग, आंबा, चिंच इत्यादि झाडें स्वतःच्या शेतांतलीं असलीं तरी तोडण्यास 1964 च्या राज्य कायद्यान्वयें परवानगी लागते. करारनाम्याचें बंधन त्यावर आणखी पडतें. शेतांतील बांबू मात्र 2017 च्या दुरुस्तीनें वन कायद्यांतील ‘झाड’ या व्याख्येंतून वगळला गेला आहे. तसेंच सातबारावर भावांचीं नांवें सामाईक असल्यास एकट्याची सही पुढें तंट्यास कारण होते. आणि जमीन विकल्यास हें बंधन कोणावर राहणार, हेंहि कागदांत स्पष्ट असलें पाहिजे.

आमच्या मतें या बाबतींत कायद्यानेंच पुढें यावें. सावकारी रोख्यांच्या जाचांतून 1875 चे दंगे उद्भवल्यावर पुणें, सातारा, सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांसाठीं 1879 चा कायदा झाला. शेतकऱ्याचा दस्त गांवच्या निबंधकासमोर लिहिला जावा, अशी तजवीज त्यांत होती. तेंच तत्त्व येथें लावतां येईल. करारनामा मराठींत असावा व सरकारी अधिकाऱ्यासमोर वाचून दाखविला जावा. विक्रीच्या रकमेंतील शेतकऱ्याचा वाटा आंकड्यांत लिहावा. पैसे थकल्यास करार सोडण्याची मुभा असावी. आणि तंट्याचा निकाल मुंबई-दिल्लीस नव्हे, तर याच जिल्ह्यांत लागावा.

असा कायदा होईपर्यंत आमच्या शेतकरी बंधूंनीं एकेकट्यानें सही करूं नये. गट करून किंवा उत्पादक कंपनीमार्फत वाटाघाटी कराव्या, कागद वकिलास दाखवावा आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत घरीं ठेवावी. माती आपली, मेहनत आपली. मग हिशेबाची वहीहि आपल्या डोळ्यांसमोर उघडी असली पाहिजे.