तोंड टेलरचे, आवाज परक्याचा

परवाच्या रविवारी आमच्या घरी एका चित्रपटावरून असा काही वाद पेटला की पोहे निवले आणि जिलबी मऊ पडली. इंदुरात रविवारी सकाळी पोहे निवू देणे ही साधी गोष्ट नव्हे. वादाला माणसे तीन: मी, आमचे शेजारी अण्णा, ज्यांनी जन्मभर शाळेत संस्कृत शिकविले, आणि माझी पुतणी, जी मुंबईत अ‍ॅनिमेशनचा, म्हणजे चित्रे हलविण्याचाच, व्यवसाय करते. विषय होता वॉल्ट डिस्ने यांचा १९४० सालचा ‘फँटेसिया’. त्यातही, चित्रपट चांगला की वाईट हा प्रश्न नव्हता. घरी बसून पाहण्यासाठी तो ज्या ज्या रूपांत पुन्हा पुन्हा विकला गेला, त्यांपैकी खरा कोणता, हा होता.

माझ्याजवळ त्याच्या तीन प्रती आहेत. पहिली १९९१ सालची व्हिडिओ कॅसेट, दुसरी २००० सालची डीव्हीडी आणि तिसरी २०१० सालची ब्लू-रे. कॅसेट माझ्या मेहुण्याने अमेरिकेहून येताना आणली. आणली खरी, पण अमेरिकेची चित्रपद्धती निराळी आणि आपली निराळी. आमच्या यंत्राने ती तोंडातही धरली नाही. अखेर आखातातून परतलेल्या एका स्नेह्यांकडचे सर्व पद्धतींचे यंत्र मागून आणले. त्यावर कॅसेट चालली, आवाजही स्वच्छ आला, परंतु आमच्या दूरदर्शन-संचाला त्यातले रंग काही उमगेनात. तेव्हा रंगांच्या या महोत्सवाचे माझे पहिले दर्शन काळ्या-पांढऱ्यात झाले, हे नमूद करून ठेवतो. तरीही मी जागचा हललो नाही.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. ‘फँटेसिया’त एक अशी कथा नाही. पाश्चात्य संगीतातल्या आठ रचना एकापुढे एक वाजतात आणि प्रत्येकीवर चित्रे हलतात. वाद्यवृंद फिलाडेल्फियाचा, संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की. मूळ विचार एवढाच होता की ‘जादूगाराचा शिष्य’ या रचनेवर मिकी माउसचा एक छोटा चित्रपट काढावा. त्याचा खर्च सव्वा लाख डॉलरांच्या वर गेला, तेव्हा एवढ्याशा पटातून तो वसूल होणे नाही हे ओळखून डिस्नेंनी पूर्ण लांबीची मैफलच योजली. तिच्यात बाख आला, बेथोव्हेन आला, स्ट्राविन्स्की आला. या सगळ्यांना एकत्र बांधणारा माणूस म्हणजे डीम्स टेलर. स्वतः संगीतकार, रेडिओवर संगीताची ओळख करून देण्यात मुरलेला. प्रत्येक रचनेपूर्वी तो वाद्यवृंदापुढे उभा राहतो आणि पुढे काय ऐकायचे ते चार वाक्यांत सांगतो. विद्वत्तेचा आव नाही, की लाडीगोडी नाही. आपल्याकडच्या चांगल्या संगीत-सभेत एखादा जाणता मनुष्य चीज सुरू होण्याआधी रागाविषयी सहज दोन शब्द बोलून जातो, तसा. पाश्चात्य संगीताशी माझी ओळख या गृहस्थाने करून दिली, हे मी कृतज्ञतेने सांगतो.

आता मौज अशी की डीव्हीडीवर आणि ब्लू-रेवर टेलर दिसतो, पण बोलत नाही. म्हणजे ओठ त्याचे हलतात आणि आवाज येतो तो कोरी बर्टन या नटाचा. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. १९४० सालच्या पहिल्या खेळात टेलरचे निवेदन बरेच लांब होते. पुढे वितरकांनी १९४२ साली चित्रपट कापून ऐंशी-एक मिनिटांवर आणला. १९४६ साली बराचसा भाग परत आला, पण टेलरचे बोलणे आखूडच राहिले. २००० साली चित्रपटाची साठी आली, तेव्हा पहिल्या खेळाएवढी, मध्यंतरासह दोन तासांवरची प्रत घरोघर द्यावी असे ठरले. चित्रे सापडली, परंतु त्या वाढीव निवेदनाचा आवाज वापरण्याजोगा उरला नव्हता. अर्धे टेलरच्या आवाजात आणि अर्धे दुसऱ्याच्या, हे कानाला खटकेल म्हणून अथपासून इतिपर्यंत सगळेच बर्टनकडून पुन्हा बोलवून घेतले.

येथेच पहिली ठिणगी पडली. मी म्हटले, “जो आवाज शाबूत होता तोही पुसला, याला अन्याय म्हणतात.”

पुतणी म्हणाली, “काका, तुम्ही कॅसेटवर तो आवाज तीस वर्षे ऐकला म्हणून तुम्हाला तसे वाटते. नव्याने पाहणाऱ्याला काही जाणवत नाही. बर्टन फार चांगला नट आहे. आणि तुमच्या कॅसेटमध्ये टेलर निम्मे बोलतच नाही, त्याचे काय? निदान इथे त्याचे सगळे शब्द तरी आहेत.”

हा मुद्दा खोटा नाही. शिवाय या चित्रपटाच्या बाबतीत ‘मूळ’ या शब्दाचाच अर्थ मोठा निसरडा आहे. ज्या ध्वनियोजनेसाठी तो मुळात गाजला, ती ‘फँटासाउंड’ नावाची अनेक कर्ण्यांची यंत्रणा मोजक्याच नाट्यगृहांत बसली होती; पुढे युद्ध आले आणि ती संपली. मूळ ध्वनीच्या फिती झिजत चालल्या, म्हणून १९५५ साली त्यांतले संगीत टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्या इमारतीत पाठवून चुंबकीय फितीवर उतरवून घेतले. स्टोकोव्स्कीचा वाद्यवृंद टेलिफोनच्या तारेतून! बारीक वरचे स्वर वाटेतच गळाले यात नवल ते काय? १९५६ साली रुंद पडद्याची टूम निघाली तेव्हा चित्र ताणले. १९८२ साली तर जुने संगीत अजिबात बाजूला ठेवून अर्विन कॉस्टल यांच्याकडून सगळे नव्याने वाजवून घेतले आणि टेलरच्या जागी वेगळाच निवेदक आणला. रसिकांनी कुरकुर केली. १९९० साली, पन्नाशीच्या निमित्ताने, मूळ निगेटिव्ह स्वच्छ करून स्टोकोव्स्की आणि टेलर दोघांनाही सन्मानाने परत बसविले. माझी कॅसेट आली ती त्या प्रतीवरून. म्हणजे जिला मी ‘मूळ’ म्हणून कवटाळून बसलो आहे, तीही एक दुरुस्त केलेलीच आवृत्ती. शिवाय खुद्द डिस्नेंची कल्पना अशी होती की या मैफलीत वेळोवेळी जुन्या चिजा काढाव्यात, नव्या घालाव्यात. ते त्यांच्या हयातीत साधले नाही.

त्या कॅसेटच्या विक्रीचीही एक कथा आहे. १ नोव्हेंबर १९९१ पासून फक्त पन्नास दिवस ती विकली जाईल, नंतर मिळणार नाही, असे जाहीर झाले आणि झुंबड उडाली. पुढे न्यायालयाच्या निकालपत्रात या विक्रीची ढोबळ प्राप्ती छत्तीस कोटी डॉलरांहून अधिक नोंदली गेली. वादक जागे झाले. फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाने १९९२ साली दावा लावला आणि १९९४ साली तो आपसांत मिटला. स्ट्राविन्स्कीच्या प्रकाशकांनीही दावा लावला. स्ट्राविन्स्कीला १९३९ साली त्या रचनेबद्दल सहा हजार डॉलर मिळाले होते, आणि ‘चलच्चित्रात वापरण्याचा हक्क’ यात घरची कॅसेट बसते की नाही, असा प्रश्न होता. १९९८ साली वरिष्ठ न्यायालयाने त्या कराराचा अर्थ डिस्ने कंपनीच्या बाजूने लावला. स्वतः स्ट्राविन्स्कीने आपल्या रचनेची या चित्रपटात झालेली काटछाट आणि उलटापालट पाहून पुढे फार कडक शब्द काढले होते. तेव्हा मतभेद आमच्या ओसरीवरच सुरू झाले असे नाही.

असो. टेलरच्या आवाजाचे भांडण मी कदाचित सोडूनही दिले असते, पण पुतणीने दुसरा विषय काढला आणि तिथे मात्र मी गप्प झालो.

बेथोव्हेनच्या सहाव्या सिंफनीवर जो भाग आहे, त्यात ग्रीक पुराणांतल्या अर्ध्या घोडी आणि अर्ध्या तरुणी असलेल्या अश्वकन्या नटतात, मुरडतात. १९४० सालच्या चित्रात त्यांच्यात एक काळी, ठेंगणी दासी होती. सनफ्लॉवर तिचे नाव. ती गोऱ्या अश्वकन्यांचे खूर घासते, त्यांच्या शेपटीत फुले माळते. निग्रो लोकांची टवाळी करण्याची त्या काळची अमेरिकन रीत तिच्या रूपात पुरेपूर उतरली आहे. १९६९ च्या सुमारास तिची दृश्ये कापली गेली. कॅसेट काढताना मात्र संगीत अखंड ठेवायचे होते. तेव्हा युक्ती केली ती अशी की चित्र मोठे करून चौकट वर सरकविली, म्हणजे गोरी तेवढी दिसावी आणि तिच्या पायाशी बसलेली काळी चौकटीबाहेर राहावी.

आता माझी गोष्ट सांगतो. कॅसेट पाहताना त्या जागी चित्र एकाएकी जवळ येते हे मला पहिल्याच दिवशी दिसले होते. सबंध देखावा चालू असता मध्येच त्या तरुणीचा नुसता मुखडा, किंचित भरड झालेला. मला ते फार आवडले. चित्रकाराने नेमक्या क्षणी जवळ जाऊन चेहरा टिपला, याला म्हणतात दृष्टी, असे मी चारचौघांत बोललो. पुतणी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. तिलाही ते दृश्य मागे नेऊन दाखविले. पुढे ती हा व्यवसाय शिकायला गेली आणि एका सुटीत घरी येऊन तिने शांतपणे सांगितले, “काका, तुम्ही मला दाखवलेला तो क्लोज-अप आठवतो ना? खाली एक बाई बसली होती.”

मी ज्याला रसिकतेने दाद दिली होती, ती झाकपाक होती.

अण्णांचे मत या बाबतीत सरळ. “मुलांसाठी काढलेल्या चित्रात असली ओंगळ थट्टा नको. काढली ते बरे केले.” अमेरिकेतले प्रसिद्ध समीक्षक रॉजर ईबर्ट यांचेही म्हणणे जवळपास असेच होते, हे मला सांगितले पाहिजे: मूळ चित्र इतिहासासाठी जपावे, पण सर्वांसाठीच्या प्रतीत ती टवाळी पुढे चालविण्याचे कारण नाही.

“जपावे हे ठीक, पण कुठे?” पुतणी म्हणाली. “अण्णाआजोबा, कपाटात कुलूपबंद ठेवण्याला जपणे म्हणत नाहीत. आमच्या धंद्यात ते चित्र कुणीतरी बसून काढले, कुणी रंगवले, कुणी पास केले. ते दिसले पाहिजे. ती बाई नाहीशी झाली की ती काढणारे आपोआप सज्जन ठरतात. आणि अर्धवटपणा पाहा. बॅकसच्या मागेपुढे पंखे घेऊन धावणाऱ्या काळ्या झेब्रा-कन्या तशाच ठेवल्या आहेत!”

हे खरे आहे. त्या तिन्ही प्रतींत आहेत.

मी अण्णांकडे पाहिले. ते रागावतील असे वाटले होते, पण ते वेगळ्याच विचारात होते. म्हणाले, “भांडारकर संस्थेने महाभारत कसे छापले, ठाऊक आहे? सुकथनकरांनी शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली. जो श्लोक त्यांना मूळचा वाटला नाही तो फाडून फेकला का? नाही. खाली टीपेत घातला, नाही तर परिशिष्टात. आणि वर घेतलेल्या पाठाची जिथे खात्री नव्हती, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ मारली. म्हणजे वाचणाऱ्याला कळावे, येथे संपादकाचा हात आहे. १९६६ साली ते काम पुरे झाले.” थोडे थांबून त्यांनी विचारले, “हा तुमचा टेलर कधी गेला?”

“१९६६,” पुतणी म्हणाली. “डिस्नेही त्याच वर्षी.”

अण्णांना या योगायोगाचा इतका आनंद झाला की निवलेले पोहे त्यांनी तसेच संपविले.

मला त्यांचे म्हणणे पटले. ज्या घरात लहान मुले आहेत तिथे ती दासी नसलेली प्रत लावावी. तिथे मी अण्णांच्या बाजूचा. परंतु एकाच तबकडीवर दहा गोष्टी मावतात अशा काळात, दुसरा पाठही तिथेच असायला हरकत कोणती? २०१० च्या ब्लू-रेवर चित्रातल्या करामती कशा साधल्या हे सांगणारी हर्मन शुल्थाइस यांची वही दाखविली आहे, डाली या चित्रकाराबरोबर आखलेला ‘डेस्टिनो’ दिला आहे. मग सनफ्लॉवरला आणि टेलरच्या उरलेल्या आवाजालाच जागा नसावी? जोड दिसला तर दिसू द्यावा. आवाज मध्येच बदलला, तर तिथे नागमोडी रेघ आहे असे समजून ऐकणारे आम्ही पुष्कळ आहोत. तबकडीच्या वेष्टनावर ‘मूळ’ म्हणून मिरवायचे आणि आत एकाच्या तोंडी दुसऱ्याचा गळा घालायचा, हे मात्र मला अजून पचत नाही. चित्र आता आरशासारखे लख्ख झाले आहे, रंग असे की मी काळ्या-पांढऱ्यात काय पाहिले याची आता मलाच कीव येते; आणि त्या लख्ख उजेडात उभा राहून तो भला मनुष्य बोलू लागला की मला दर वेळी वाटते, याला सर्दी झाली आहे काय?

पुतणीने यावर काही उत्तर दिले नाही. तिने कपाट उघडून कॅसेट शोधली. पांढऱ्या कवचाच्या खिडकीतून पाहिले तर फितीच्या कडेला बुरशीची बारीक पूड धरलेली. मी यंत्रात घालून पाहू लागलो तर तिने हात धरला. असल्या फिती आधी पुसून, वाळवून मगच चालवायच्या, नाही तर यंत्रही जाते आणि फीतही, असे तिने बजावले. मुंबईत हे काम करणारा एक जण तिच्या ओळखीचा आहे. टेलरचे जेवढे बोलणे उतरेल तेवढे उतरवून, २००० च्या चित्राखाली लावून आणते म्हणाली. जिथे नसेल तिथे बर्टन.

रात्रीच्या गाडीने ती गेली. कॅसेट तिने जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून, सामानात न टाकता, हातातल्या पिशवीत ठेवली होती.