भाडेकराराचा मसुदा घरच्या घरी

वरची खोली भाड्याने द्यायची ठरली, की घरात कुणीतरी म्हणतंच, “अहो, ओळखीचीच माणसं, कागद कशाला?” मैत्रिणींनो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं, की असा करार लेखी आणि नोंदलेलाच हवा. ही जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात! घर तुमच्या नावावर असेल, तर हे तुमच्याच अंगावर येतं.

अटींचा मसुदा मात्र घरी करता येतो. गूगल डॉक्समध्ये मराठीत लिहा: नावं, पत्ता, मुदत, भाडं, अनामत, वीजबिल, दुरुस्तीचा खर्च, जागा सोडण्याची पूर्वसूचना. ‘वेळेवर’ असं मोघम नको. ‘दरमहा ५ तारखेपर्यंत’ असं लिहावं. तोच मसुदा भाडेकरूला फक्त बदल सुचवण्याची मुभा देऊन पाठवा. त्यांनी सुचवलेलं वेगळं दिसतं, जुना मजकूरही पुन्हा पाहता येतो.

पण एवढ्यावर थांबू नका. दोघांचं एकमत झालं, की मुद्रांक शुल्क भरून नोंदणी कराच. त्यासाठी ऑनलाइन सोयही आहे. ओळख टिकावी, म्हणूनच तर कागद करायचा!